तनाग्राच्या मृण्मूर्ती: चेहऱ्याआधी पाठ पाहावी

प्रश्नकर्त्या बाईंनी लूव्र संग्रहालयात वस्त्रांत नखशिखान्त लपेटलेल्या ग्रीक स्त्रियांच्या वीतभर उंचीच्या मातीच्या मूर्ती पाहिल्या आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: या स्त्रिया देवी आहेत की सामान्य गृहिणी, इतक्या एकसारख्या दिसूनही त्यांतील दोघी अगदी तंतोतंत सारख्या का आढळत नाहीत, आणि परदेशातील लिलावांत अशा मूर्ती आजही विक्रीला येतात त्या खऱ्या मानाव्यात काय. भाजलेल्या मातीच्या वस्तूंचे जतन हाच माझा व्यवसाय असल्याने मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मूर्ती कशी घडली हे समजल्याशिवाय ती कोणाची आणि ती खरी की खोटी, या दोन्ही प्रश्नांवर बोलणे हवेत होते.

या मूर्तींना तनाग्रा हे नाव ज्या गावावरून पडले ते मध्य ग्रीसमधील बिओशिया प्रांतात, अथेन्स आणि थीब्ज यांच्या दरम्यान होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एका ग्रीक प्रवाशाच्या लेखनाचे काही तुकडे उरले आहेत. त्यांत हे गाव उंच, खडबडीत टेकडीवर वसलेले, मातीमुळे पांढुरके दिसणारे आणि घरांच्या ओसऱ्यांवर सुरेख चित्रे असलेले असे वर्णिले आहे. गावाबाहेरच्या थडग्यांत या मूर्ती एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने मिळाल्या म्हणून गावाचे नाव त्यांना चिकटले, परंतु ही शैली तिथे जन्मली नाही. अथेन्सच्या प्राचीन बाजारचौकातील उत्खननांत मूर्तिकारांनी टाकून दिलेले साचे आणि फुटके नमुने सापडले, आणि त्यांच्या अभ्यासावरून पुरातत्त्वज्ञ डोरोथी बर थॉम्प्सन यांनी ही शैली इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्समध्येच आकाराला आली असे दाखवले. तनाग्राच्या कारागिरांनी इ. स. पू. ३३०च्या सुमारास ती उचलली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे चालवली. तोवर ती अलेक्झांड्रिया, दक्षिण इटलीतील टॅरेंटम, आशिया मायनरमधील मिरिना, उत्तर आफ्रिकेतील सायरेनेइका अशी सर्वदूर पसरली होती, आणि ती पसरली ते वाहून नेण्याजोग्या एका गोष्टीमुळे, म्हणजे साच्यामुळे.

घडणीची पद्धत अशी होती. कुशल मूर्तिकार माती किंवा मेण घेऊन एक मूळ प्रतिमा तयार करी. तिच्यावर ओली माती दाबून साचा काढला जाई आणि तो भट्टीत भाजून पक्का केला जाई. मग साच्यात मळलेल्या मातीची पातळ पोळी बोटांनी सगळ्या खाचाखोचांत दाबत बसवायची, माती थोडी सुकून साच्याच्या कडांपासून सुटली की पुढचा भाग बाहेर काढायचा, मागचा भाग त्याला पातळ चिखलाने जोडायचा आणि सांधा आतून बोटाने फिरवून बुजवायचा, अशी ही रीत होती. फुटलेल्या मूर्तीच्या पोकळीत डोकावले तर ते बोटांचे ठसे आजही स्पष्ट दिसतात; माझ्या कामातला तो भाग मला नेहमीच चेहऱ्यापेक्षा अधिक बोलका वाटत आला आहे. डोके सहसा वेगळ्या साच्यातून काढलेले आणि बहुधा भरीव असे. पुढे आलेला हात, पानाच्या आकाराचा पंखा, उन्हाळी टोपी, हार, मूर्तीखालचा पातळ पाट हे सगळे वेगळे करून जोडले जाई. अखेरीस ओलसर मातीवर टोकदार हत्याराने केसांच्या बटा, ओठांची फट आणि वस्त्राच्या चुण्या पुन्हा कोरून काढल्या जात.

‘सारख्या, तरी वेगळ्या’ याचे उत्तर इथेच आहे. एकाच धडाच्या साच्यावर निरनिराळ्या साच्यांतली डोकी बसतात, तेच डोके कधी उजवीकडे कधी डावीकडे कललेले जोडले जाते, एकीच्या हाती पंखा येतो तर दुसरीचा हात वस्त्राखालीच राहतो, आणि शेवटचे कोरीव काम प्रत्येक वेळी हाताने होते. पेणच्या गणपती कारखान्यांतून ज्यांनी वावर केला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. तिथेही साचा एकच असला तरी हात, सोंड, आयुधे आणि डोळ्यांची आखणी यांनी मूर्ती बदलत जाते. आपल्याकडच्या इतिहासातही याचा एक खराखुरा धागा आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळातील पांढऱ्या केओलिन मातीच्या दुहेरी साच्यातल्या मृण्मूर्ती सापडल्या असून त्यांच्या तंत्राचा संबंध अभ्यासक भूमध्य सागरी जगाशी चाललेल्या व्यापाराशी जोडतात. मात्र त्या तनाग्रापेक्षा काही शतकांनी अलीकडच्या आहेत आणि त्यांचा घाट सर्वस्वी इथला आहे, म्हणून तेरच्या मूर्तींना तनाग्राच्या लेकी म्हणण्याचा मोह टाळावा.

साच्याचे आणखी एक अंग आहे, ज्यावर या क्षेत्रातले निम्मे काम उभे आहे. माती सुकताना आणि भाजताना आक्रसते. हे आक्रसणे मातीनुसार बदलते, पण हिशेबासाठी ते दहा टक्के धरू. आता एखाद्या दूरच्या गावातील कारागिराने मूळ साचा विकत न घेता तयार मूर्तीवरूनच नवा साचा काढला, तर तो साचा भाजताना दहा टक्के आक्रसेल आणि त्यातून निघालेली मूर्ती पुन्हा दहा टक्के. म्हणजे २० सेंटिमीटरच्या मूर्तीची पुढची पिढी सुमारे १६ सेंटिमीटरची आणि त्यापुढची सुमारे १३ सेंटिमीटरची होते. प्रत्येक पिढीत चुण्या बोथट होतात, नाकडोळे पुसट होतात, आणि कारागीर ते हत्याराने पुन्हा कोरतो तेव्हा त्याच्या हाताची लकब मूर्तीत शिरते. त्यामुळे डोक्यापासून पाटापर्यंतची एकच उंची न मोजता हनुवटी ते कंबर, कंबर ते गुडघा अशी ठरावीक अंतरे मोजून मूर्तींची वंशावळ लावता येते, आणि अथेन्समधील एखादा नमुना अलेक्झांड्रियात कितव्या पिढीत पोहोचला याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. सुबक, रेखीव मूर्ती जुनी आणि ओबडधोबड ती उत्तरकालीन, हा प्रेक्षकांचा नेहमीचा तर्क म्हणूनच फसतो: एकाच दिवशी, एकाच बाजारात पहिल्या आणि चौथ्या पिढीच्या मूर्ती शेजारी शेजारी विकल्या जात असणे सहज शक्य आहे.

आता पाठीकडे वळू, कारण संग्रहालयात मूर्ती भिंतीला पाठ लावून ठेवतात आणि नेमके पाहण्याजोगे तेच लपते. तनाग्राच्या बहुतेक मूर्तींची पाठ जवळजवळ सपाट, जुजबी घडवलेली असते आणि तिच्या मधोमध एक भोक कापलेले असते. पोकळ मूर्ती भट्टीत जाताना आतली हवा आणि मातीतली उरलीसुरली ओल बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर मूर्ती तडकते. शिवाय या वाटेने आतला सांधा बोटाने दाबताही येतो. हे भोक बिओशियात बहुधा चौकोनी असते आणि इतरत्र गोल, लंबगोल किंवा अगदी लहान आढळते, त्यामुळे मातीचा रंग आणि पोत यांच्या जोडीने ते कारखान्याचा प्रदेश सुचवते. अलेक्झांड्रियाची नाईलकाठची माती तपकिरी असते, मिरिनाच्या मातीत अभ्रकाचे कण चमकतात. मिरिनाच्या उत्तरकालीन मूर्तींच्या पाठीवर तर कारागिरांची नावेही सापडतात, त्यांपैकी डिफिलोस हे नाव प्रसिद्ध आहे. तनाग्राच्या कारागिरांनी मात्र आपली नावे लिहिली नाहीत. त्यांच्या धंद्याला समाजात फारसा मानही नव्हता: इ. स. पू. चौथ्या शतकातील वक्ता आयसोक्रेटीस आपल्यावरील आरोप किती हीन आहे हे सांगताना म्हणतो, की हे म्हणजे अथीनाची मूर्ती घडवणाऱ्या थोर शिल्पकार फिडियसला मातीच्या बाहुल्या करणारा म्हणण्यासारखे आहे.

वस्त्रांविषयी बाईंनी स्वतंत्रपणे विचारलेले नाही, तरी त्यांचे लक्ष वस्त्रानेच वेधले आहे आणि ते योग्यच आहे. आत पायघोळ खिटॉन, त्यावर लोकरीचे मोठे आयताकृती हिमातिऑन, आणि ते डोक्यावरून घ्यायचे, खांद्यावरून टाकायचे की दोन्ही हातांसकट अंगाभोवती घट्ट ओढायचे, एवढ्या मोजक्या सामग्रीवर मूर्तिकाराने सगळा खेळ मांडलेला असतो. एखादी मूर्ती जवळून पाहा. उजवा हात वस्त्राखाली दुमडून छातीशी आणलेला आहे, डावी मूठ वस्त्राखालीच कमरेवर रोवलेली आहे, आणि त्या मुठीपासून ताणाच्या चुण्या पोटावरून तिरक्या फाकत गेल्या आहेत. गुडघ्याखाली मात्र हिमातिऑनची कड संपते आणि खिटॉनच्या उभ्या, जड घड्या पाटापर्यंत सरळ उतरतात. शरीराचा एकही अवयव उघडा नाही, तरी कोपर कुठे आहे, भार कोणत्या पायावर आहे आणि मान कोणत्या बाजूला वळते आहे हे सगळे कापड सांगते. हा घाट मोठ्या संगमरवरी शिल्पांतून आला यात शंका नाही. इटलीतील हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या आणि आता जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये असलेल्या वस्त्रावृत स्त्रियांच्या पुतळ्यांशी या मूर्तींचे नाते उघड आहे. तथापि मूर्तिकार पुतळ्याची छोटी नक्कल करत नव्हते. वस्त्रात गुरफटून नाचणाऱ्या स्त्रीची लूव्रमधील मृण्मूर्ती, जी १८४६मध्ये तितू या वास्तुकाराला अथेन्समध्ये मिळाली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते, ती तनाग्रा शैलीच्याही आधीची आहे. म्हणजे वस्त्रातून देह बोलता करण्याचे प्रयोग मातीत पूर्वीपासून चालले होते.

वर उल्लेखलेल्या त्याच प्रवाशाने थीब्जच्या स्त्रियांचे वर्णन केले आहे: वस्त्र डोक्यावरून असे ओढतात की चेहरा मुखवट्यासारखा झाकला जाऊन फक्त डोळे दिसतात, आणि पिंगट केस माथ्यावर उंच बांधतात. अशी फक्त डोळे उघडे असलेली मूर्तीही काही संग्रहांत आढळते, त्यावरून या मूर्तींतला पेहराव कल्पनेतला नसून रस्त्यावर दिसणारा होता असे म्हणता येते.

आज या मूर्ती मातकट दिसतात, पण त्या तशा विकल्या गेल्या नव्हत्या. भाजण्यापूर्वी मूर्तीवर पांढऱ्या मातीचा लेप दिला जाई आणि भट्टीतून निघाल्यावर त्यावर रंग चढे: केसांना तांबूस तपकिरी, ओठांना लाल, वस्त्रांना मंजिष्ठाच्या मुळांपासून केलेला गुलाबी, काठाला इजिप्शियन निळा, आणि गिऱ्हाईक श्रीमंत असेल तर काठावर किंवा पंख्यावर सोन्याचा वर्ख. लूव्रमधील ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ या मूर्तीवर निळा रंग आणि वर्ख दोन्ही टिकून आहेत. रंग भाजलेला नसल्यामुळे तो फार कच्चा असतो आणि बऱ्याच मूर्तींचा रंग मातीत गेला, काहींचा उत्खननानंतरच्या धुण्यात गेला. तरीही तो पुरता नाहीसा क्वचितच होतो. इजिप्शियन निळ्याचा डोळ्यांना न दिसणारा कणही लाल प्रकाश टाकून अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिला तर पांढराशुभ्र चमकतो, आणि मंजिष्ठ अतिनील प्रकाशात नारिंगी-गुलाबी झळकते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेखक लुशियन याने पोकळ लेखनशैलीला बाजारातल्या बाहुल्यांची उपमा दिली आहे, की वरून तांबड्या आणि निळ्या रंगाने सजवलेल्या आणि आतून ठिसूळ माती. टोमणा असला तरी कारखान्याचे वर्णन म्हणून ते नेमके आहे.

आता पहिला प्रश्न. या स्त्रिया कोण? मूर्तींवर नाव नाही, आणि पंख न दाखवलेल्या, हाती काही न घेतलेल्या वस्त्रावृत स्त्रीला देवी किंवा मर्त्य ठरवणारी एकही खूण घडणीत नाही. त्याच साच्यातल्या धडाच्या हाती वीणा दिली तर ती कलादेवी होते, पंखा दिला तर शहरातली तरुणी. माझे स्वतःचे मत असे, की मूर्तिकाराने ही संदिग्धता जाणूनबुजून ठेवली, कारण तीच मूर्ती कोणी देवळात वाहणार होते, कोणी घरात ठेवणार होते आणि कोणी थडग्यात. कोरिंथ येथील डिमीटर आणि तिची कन्या यांच्या देवस्थानात मातीच्या मूर्ती नवसाच्या वस्तू म्हणून मोठ्या प्रमाणात मिळाल्या आहेत, घरांच्या अवशेषांतही मृण्मूर्ती मिळतात, आणि अलेक्झांड्रियाच्या शात्बी व हाद्रा येथील दफनभूमींत त्या मृतांसोबत ठेवलेल्या आढळल्या. देवळातली मूर्ती भक्त स्त्रीची असू शकते, लहान मुलीच्या थडग्यातली मूर्ती ती मुलगी मोठी होऊन जशी वधू झाली असती तिची असू शकते. अर्थ मूर्तीत नसून तिच्या जागेत आहे, आणि तनाग्राच्या बाबतीत नेमकी हीच जागा आपल्या हातून गेली.

ती कशी गेली हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. १८७०च्या सुमारास कॉर्फू बेटावरून आलेल्या एका थडगी फोडणाऱ्याने तनाग्राच्या आसपास खोदायला सुरुवात केली आणि माल खपतो हे दिसताच परिसरातले शेतकरीही फावडी घेऊन उतरले. पुढच्या तीन-चार वर्षांत ८ ते १० हजार थडगी उघडली गेली असा त्या काळचा अंदाज आहे. ग्रीसमध्ये पुरातन वस्तूंविषयीचा कायदा १८३४पासून होता, पण त्याचा धाक उरला नव्हता. अथेन्सच्या पुरातत्त्व संस्थेने पानायोतिस स्तामाताकिस यांना पाठवले तेव्हा सर्वांत समृद्ध थडगी आधीच रिकामी झाली होती. कोणती मूर्ती कोणाच्या थडग्यात होती, तिथे पुरुष होता, स्त्री होती की मूल, मूर्ती उशाशी ठेवल्या होत्या की वरून टाकलेल्या मातीत, हे जाणून घेण्याचा मार्ग तिथेच बंद झाला. याउलट मिरिना येथे पॉटिए आणि रेनाक या फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १८८० ते १८८२ या काळात थडग्यांच्या नोंदी ठेवत खोदकाम केले, म्हणून पुष्कळ थडग्यांत मूर्ती मुळीच नव्हत्या आणि जिथे होत्या तिथे त्या स्त्री-पुरुष दोघांसोबतही असत, असे विधान मिरिनाबद्दल आपण करू शकतो. तनाग्राच्या बाबतीत असे विधान करणाऱ्याकडे पुरावा मागावा.

लुटीचा माल पॅरिसला पोहोचला. १८७८च्या जागतिक प्रदर्शनात या मूर्ती मांडल्या गेल्या आणि त्यांचे वेड लागले. प्राचीन ग्रीक म्हणजे कठोर पांढरा संगमरवर असे मानणाऱ्या लोकांना फॅशनच्या दुकानातून नुकत्याच बाहेर पडल्यासारख्या दिसणाऱ्या या बायका आपल्याच वाटल्या. शिल्पकार ज्यां-लेऑं जेरोम याने १८९०मध्ये ‘तनाग्रा’ नावाचे रंगवलेले संगमरवरी शिल्पच केले. मागणी वाढली तशी नक्कल आली. कारागिरांनी अस्सल मूर्तींवरून साचे काढले, फुटक्या धडांवर परकी डोकी बसवली, प्लॅस्टरने भरलेल्या जागा रंगाखाली दडवल्या आणि वरून सरसात कालवलेली माती चोपडून थडग्याचा वास आणला. दोघी-तिघी स्त्रिया एकत्र बसलेले भावुक गट, जे आशिया मायनरचे म्हणून १८८०च्या दशकात खपले, त्यांतले अनेक त्या दशकातलेच आहेत. नामांकित संग्रहालयांच्या जुन्या संग्रहांतही अशा मूर्ती निघाल्या आहेत, हे ती संग्रहालयेच आता मोकळेपणाने सांगतात.

मग लिलावातली मूर्ती कशी तपासावी? पहिली चाचणी थर्मोल्युमिनेसन्सची. मातीतील स्फटिक आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवत जातात, भट्टीत भाजताना तो साठा शून्य होतो आणि तेव्हापासून पुन्हा भरू लागतो. नमुना तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि तिच्या मापावरून शेवटचे भाजणे केव्हा झाले ते काढता येते. यातली चूक वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असू शकते, तरी २३०० वर्षे आणि १४० वर्षे यांत फरक करायला ती आड येत नाही. तिची मर्यादा वेगळी आहे: जिथे भोक पाडून चिमूटभर पूड घेतली तेवढ्याच भागाचे वय कळते. खऱ्या पाटावर खोटी स्त्री उभी असेल आणि पूड पाटाची घेतली असेल, तर अहवाल खरा आणि मूर्ती खोटी. म्हणून अहवालात नमुना कुठून घेतला ते छायाचित्रासह आहे का, आणि डोके, धड व पाट यांचे वेगवेगळे नमुने घेतले आहेत का, हे आधी पाहावे. रंगाचीही तपासणी व्हावी. निळा रंग कॅमेऱ्यात चमकत नसेल आणि तो एकोणिसाव्या शतकात कारखान्यात बनू लागलेला कृत्रिम अल्ट्रामरीन निघाला, तर निदान रंगकाम तरी अलीकडचे आहे. आतली पोकळी विजेरीने पाहावी. बोटांचे ठसे, सांध्यावर फिरवलेला चिखल, भोकाच्या कापलेल्या कडा हे अस्सलाच्या बाजूचे पुरावे आहेत; आतली बाजू गुळगुळीत, सारख्या जाडीची आणि ओतीव वाटली तर संशय घ्यावा.

मात्र मूर्ती अस्सल ठरली म्हणजे ती घेण्याजोगी झाली असे नाही. पुरातन वस्तूंची चोरटी ने-आण रोखण्यासाठी झालेल्या १९७०च्या युनेस्को करारापूर्वी ती ग्रीसबाहेर होती याचा कागद, म्हणजे जुन्या लिलावाची यादी, संग्रहाची नोंद किंवा तारखेसह छायाचित्र विक्रेत्याकडे मागावे. ‘एका युरोपीय गृहस्थाच्या संग्रहातून’ एवढ्या एका ओळीवर मी कोणालाही ती घेण्याचा सल्ला देणार नाही, कारण ताज्या लुटीतली मूर्ती चाचणीत अस्सलच ठरते. आणि घराण्यात पूर्वापार आलेली एखादी मूर्ती कोणाकडे असेलच, तर तिला पाणी लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये, मानेला किंवा हाताला धरून उचलू नये. एक हात पाटाखाली आणि दुसरा पाठीशी ठेवावा, आणि पाठीवरच्या भोकात अडकलेली माती खरवडून काढू नये, कारण ती कोठून आली हे सांगू शकणारा तिच्याजवळचा शेवटचा पुरावा बहुधा त्या मातीतच असतो.